टेबल मजबूत पाहिजे

आमच्या घरात बंदूक नाही. बंदुकीचा परवाना नाही. दिवाळीत सुतळी बॉम्ब लावायची वेळ आली तर मी उदबत्तीला लांब काडी बांधतो आणि वात पेटायच्या आत ओसरीवर पोचलेला असतो. तरी अमरावतीत, साईनगरातल्या आमच्या घरात, मागच्या खोलीत काडतुसं भरायचं टेबल उभं आहे. सागवानी. दोघांना ते हलत नाही आणि चौघांना धरायला जागा पुरत नाही. उद्या घराचा स्लॅब खाली आला तरी त्या टेबलाखाली आम्ही नवराबायको सुखरूप राहू, असं मिस्तरीनं छातीवर हात ठेवून सांगितलं आहे. फक्त स्लॅबनं आधी कळवायला पाहिजे, कारण टेबलाखाली कांदे आहेत आणि ते काढायला वेळ लागतो.

याचं मूळ आबाजींच्या पोत्यात आहे. आबाजी म्हणजे माझे आजोबा, अंजनगाव सुर्जीकडचे. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांनी गाविलगड घेतला आणि 30 डिसेंबरला याच सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी तह झाला. तेव्हापासून त्या मुलखाला हत्यार खाली ठेवायची सवय लागली असावी, पण आबाजी त्यातले नव्हते. त्यांच्याकडे बारा बोरची दुनळी होती, पिकाच्या राखणीसाठी रीतसर परवाना काढलेली. हरभऱ्यात रोह्यांचा कळप उतरला की आबाजी धुऱ्यावर उभे राहून बार काढत. रोही माना वर करत, आवाज कुठून आला ते शांतपणे पाहत आणि पुन्हा हरभऱ्याला लागत. त्या बंदुकीची गंभीर दखल घेतली ती फक्त निवडणूक आयोगानं. आचारसंहिता लागली की ती ठाण्यात जमा व्हायची. आजी म्हणायची, "माह्यापेक्षा तं हे बंदूकच जास्त डाव माहेरी जाते!"

काडतुसं मात्र आबाजी घरी भरत. जुनी कागदी नळकांडी ती. पावसाळ्यात ओल लागून फुगायची आणि नळीत जायला साफ नाही म्हणायची. चाललेल्या काडतुसाची टोपी काढायची, नवी बसवायची, दारू घालायची, पुठ्ठ्याची चकती, नमद्याचं बूच, छर्रे, वर पुन्हा चकती. मग एका पितळी यंत्रात ते काडतूस अडकवून दांडा फिरवला की नळकांड्याची कड सुबक आत वळायची. या यंत्राला खाली टेबलाच्या कडेला आवळायचा शिकंजा होता आणि वर मूठ होती, त्यामुळे ते हुबेहूब शेवयांच्या यंत्रासारखं दिसे. आबाजी गेले, बंदूक कोणाच्या नावावर करायची यावर तीन मुलांचं एकमत झालं नाही, म्हणून ती विक्रेत्याकडे गेली. पण यंत्र राहिलं. गावच्या काकूंनी ते उन्हाळ्याच्या वाळवणाच्या सामानात ठेवलं होतं. मागच्या वर्षी वाडा आवरताना पोतं उपडं केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घेऊन जा बाप्पा हे. याच्यातून एकही शेवई बाहेर येत नाई."

मी ते आणलं आणि माळ्यावर टाकलं. गोष्ट इथं संपली असती, पण माझे धाकटे मेहुणे अकोल्याहून आले.

मेहुणे शाळेत शिकवतात. शस्त्रास्त्रांशी त्यांचा संबंध एवढाच, की अकोल्याहून भुसावळला जाताना वरणगाव स्टेशन लागतं आणि वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे. एवढ्या सान्निध्यावर त्यांनी विषयाचा पुरता अभ्यास केला आहे. खडकीचा कारखाना 1869 चा, हे ते जेवताना सांगतात. बारा बोर म्हणजे काय, हे ते ताक पिताना सांगतात: नळीत नेमके बसतील असे बारा शिसगोळे मिळून एक पौंड भरतात, म्हणून बारा. हात धुवायला उठलेल्या माणसाला ते वीस बोरचं गणित ऐकवतात.

यंत्र पाहून त्यांचा गळा दाटला. "भाऊजी, ही वस्तू माळ्यावर? अमेरिकेत लोक घरी काडतुसं भरतात. त्यासाठी त्यांच्याकडे खास टेबल असतं. नकाशे मिळतात त्याचे."

आमच्या सौभाग्यवती पोळ्या लाटत होत्या. त्यांनी विचारलं, "तू काडतुसं भरणार आहेस का?"

"छे! परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. 1959 चा शस्त्र कायदा."

"मग टेबल कशाला?"

"यंत्र ठेवायला."

"ते माळ्यावर ठेवलेलंच आहे की."

यावर मेहुण्यांनी स्वप्नील कुसाळेचं नाव काढलं. 2024 साली पॅरिसला कोल्हापूरकडच्या पोरानं 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं, आणि वऱ्हाडातल्या पोरांनी फक्त मोबाइलवर नेम धरायचा का? टेबल असलं, यंत्र समोर दिसलं, की घरात वातावरण तयार होतं.

"त्याची काडतुसं घरी भरलेली होती का?"

मेहुणे माणूस प्रामाणिक. ते म्हणाले, "नाही. पॉइंट टू टूची काडतुसं पुन्हा भरताच येत नाहीत. त्यांचा पेटायचा मसाला बुडाच्या कडेत असतो." आणि स्वतःच्याच उत्तरानं हरलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं: खिशातून टेबलाचा नकाशा काढला.

नकाशात चार बाय चारचे पाय होते, प्लायवूडच्या दोन थरांचा माथा होता, खाली वजन ठेवायला फळी होती आणि सगळं प्रकरण बोल्टांनी भिंतीला आवळलेलं होतं. कारण, मेहुण्यांनी सांगितलं, अमेरिकन माणूस यंत्राचा दांडा ओढतो तेव्हा हलकं टेबल जागचं उठतं. आमच्याकडे दांडा कोणी ओढणार नव्हतं, तेव्हा टेबल उठायचा प्रश्न नव्हता. पण नकाशा म्हणजे नकाशा. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या टेबलाचा मोह पडला. नोकरीभर मी ज्या टेबलामागे बसलो त्याच्या एका पायाखाली कायम जुन्या परिपत्रकांची घडी होती. न हलणारं टेबल ही माझ्या आयुष्यातली राहून गेलेली गोष्ट होती.

वऱ्हाडात लाकूड म्हटलं की परतवाडा. मेळघाटातला साग डोंगर उतरून तिथं येतो, वनखात्याच्या डेपोत ओंडके रचले जातात, लिलाव होतात. प्रत्येक ओंडक्यावर खात्याच्या हातोड्याची खूण. मेहुणे डेपोत शिरले ते थेट एका ओंडक्याला कान लावून उभे राहिले आणि बोटानं टकटक करू लागले.

शेजारी उभ्या व्यापाऱ्यानं विचारलं, "काय ऐकून राह्यले, गुरुजी?"

"आतून पोकळ आहे का बघतोय."

"कापलेलं तोंड तं समोर हाये. पोकळ असलं का दिसते थे."

मग त्यानं आमची गरज विचारली. एक टेबल, हे ऐकल्यावर त्यानं आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला नवी नव्हती; लग्नकार्यात शंभराची नोट देऊन सुटे मागितले की तीच नजर मिळते. इथं माल लॉटनं जातो, घनमीटरनं मोजला जातो, आणि न्यायचा तर वाहतुकीचा पास लागतो. मेहुणे खिन्न झाले. बंदुकीला परवाना, काडतुसाला परवाना, आणि आता ज्या टेबलावर काडतूस भरायचं नाही त्या टेबलाच्या लाकडालाही कागद! पण परतवाड्यापर्यंत आलेला वऱ्हाडी माणूस चिखलदऱ्याला न जाता परतला, असं अजून घडलेलं नाही. आम्ही घाट चढलो, देवी पॉइंटवर माकडांना कणीस दिलं (म्हणजे माकडानं घेतलं) आणि चिखलदऱ्याची कॉफी घेऊन रात्री घरी आलो. आमच्या घरी कॉफी कोणी पीत नाही.

"लाकूड?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"सुगंध घेऊन बघ," मेहुणे म्हणाले.

लाकूड शेवटी अमरावतीतच मिळालं. जुने वाडे पाडले की त्यांचे सरे, खांब, चौकटी लाकडाच्या टालावर येतात. तिथं एका वाड्याचे काळेभोर सागवानी सरे होते. मेहुण्यांनी यावेळी कान लावला नाही, पण हात फिरवून "शंभर वर्षांचं असेल" म्हणाले, आणि टालवाल्यानं तेवढ्यात भाव वाढवला. आरामशीनवाल्यानं मात्र मालाकडे पाहून हात झटकले. जुन्या लाकडात खिळे असतात. "पाहा काकाजी, खिळा लागून पट्टा तुटला तं पट्ट्याचे पैसे तुमचे." मेहुण्यांनी फ्रिजवरचं चुंबकाचं आंब्याचं चित्र काढून आणलं आणि सऱ्यावरून इंच इंच फिरवत अर्धा दिवस खिळे शोधले. आंबा जिथं चिकटेल तिथं खडूची फुली. वीतभर लांबीचे, चौकोनी डोक्याचे, लोहारानं घडवलेले खिळे निघाले. हौशी माणसानं संग्रहालय काढलं असतं. एक मात्र इतका खोल होता की आंब्याला सापडला नाही. तो पट्ट्याला सापडला.

आता मिस्तरी. हा गृहस्थ कानावर पेन्सिल ठेवून जन्मला असावा. त्यानं नकाशा आधी उलटा धरला, मग सुलटा, मग पुन्हा उलटा, आणि म्हणाला, "हे काय लिहून राह्यले? इकडं दोन बाय चार, आन् खाली दीड बाय साडेतीन. खरं कोणतं?"

मेहुण्यांना आवडता विषय मिळाला. अमेरिकेत दोन बाय चार म्हणून विकतात ते लाकूड वाळून आणि रंधून प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतं, आणि तरीही त्याला दोन बाय चारच म्हणतात.

मिस्तरीचा चेहरा उजळला. "म्हंजे तिकडचे टालवालेबी असेच हायेत!" त्या क्षणापासून त्याला अमेरिकेबद्दल आपलेपणा वाटू लागला.

"बरं, याच्यावर ठेवाचं काय?"

"यंत्र."

"किती किलोचं?"

"दीड-दोन."

त्यानं पेन्सिल काढली, काही लिहिलं नाही, परत कानावर ठेवली.

काम सुरू झालं ते मेच्या मध्यात, कारण मेहुण्यांना सुट्टी तेव्हाच होती. अकोल्या-अमरावतीचा मे म्हणजे पंचेचाळीस अंश. सकाळी नवानंतर माणसं कुलरसमोरून हलत नाहीत. त्यामुळे कामही कुलरसमोर, बैठकीत. रंधा चालला की सागाचे कुरळे, पातळ, तांबूस छिलके उडत. वास सुरेख. सौभाग्यवती ते झाडून झाडून थकल्या तेव्हा मेहुण्यांना कल्पना सुचली. कुलरच्या ताटीत तरी काय असतं? लाकडाचे छिलकेच! बाजारात पैसे देऊन आपण ते आणतो! त्यांनी जुन्या ताट्या सोडल्या, सागाचे छिलके दाबून भरले, पंप चालू केला. तासाभरात टाकीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं. संध्याकाळी कुलरसमोर दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या दोन्ही पांढऱ्या बनियनांवर बारीक तपकिरी ठिपके आले. मेहुणे म्हणाले, साग टिकाऊ असतो तो याच तेला-अर्कामुळे, आणि आता ही बनियनं वाळवी खाणार नाही.

या काळात आणखी एक शोध लागला. अमरावतीत कोणी घर बांधत असेल तर लोक वास्तुशास्त्र सांगतात, आजारी असेल तर काढा सांगतात, पण टेबल बनवत असेल तर थांबून, चप्पल काढून, आत येऊन मजबुती सांगतात. दूधवाला म्हणाला, मधून एक आडवा दांडा द्या. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्यानं सिलिंडर टेबलावर ठेवून पाहिलं आणि तिरपे टेके सुचवले. समोरच्या काकूंनी पायांना लोखंडी पट्टी मारायला सांगितलं. त्यांच्या माहेरच्या पलंगाला होती. आम्ही कोणाचं मन मोडलं नाही. माथ्याच्या प्लायवूडला तर मिस्तरीनंच हात लावू दिला नाही. "प्लाय म्हंजे कागद. आबाजीची वस्तू कागदावर ठेवता?" मग दोन इंची सागवानी फळ्या आल्या, त्या सरकू नयेत म्हणून खालून आणखी इंचाची पट्टी कडेभर फिरली, आणि कोपऱ्यांत मिस्तरीनं खाचेत खाच बसवून वरून पाचरी ठोकल्या. खिळा एकही नाही. पुढं हे लाकूड पुन्हा आरामशीनवर गेलं तर त्या माणसाला त्रास नको, असा त्याचा दूरदर्शी विचार होता.

उंचीवर दोन दिवस गेले. नकाशाप्रमाणे उभ्यानं काम करायला छत्तीस इंच. मला खुर्ची टाकून वाचायला तीस बरं. सौभाग्यवतींना यातला कोणताच आकडा मंजूर नव्हता, टेबल मंजूर नव्हतं, पण झालंच तर कुरडयांचा सोऱ्या दाबायला तेहतीस चालेल. शेवटी तेहतीस ठरले. आता त्या टेबलाशी उभ्या माणसाला वाकावं लागतं आणि बसलेल्या माणसाच्या कोपरांना आधार म्हणून कान मिळतात.

राहिले बोल्ट. नकाशात सहा इंची लिहिले होते, आणि मेहुण्यांची नकाशावर निष्ठा. मागच्या खोलीची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, साडेचार इंची. ड्रिल चालवताना पलीकडून काही आवाज आले, ते आम्ही उत्साहाचे समजलो. संध्याकाळी शेजारचे सर आले. निवृत्त मुख्याध्यापक, आवाज कधी चढत नाही. मला हात धरून त्यांच्या हॉलमध्ये घेऊन गेले. पिस्ता रंगाच्या भिंतीतून आमच्या घरचे चार बोल्ट, नट बसवता येतील एवढे, बाहेर आले होते.

"वरचे दोन बरोबर आलेत," सर म्हणाले. "एकावर घड्याळ लावलं, एकावर छत्री. खालचे दोन जरा डावीकडं घेतले असते तं सूनबाईच्या पर्सची सोय झाली असती."

यानंतर बातमी कॉलनीभर पसरली, आणि बातमी चालत चालत वाढते. साईनगरापासून राजापेठेपर्यंत पोचेस्तोवर आमच्याकडे काडतुसांचा छोटा कारखाना निघाला होता. एका दुपारी हवालदार आले. मी आबाजींचं नाव, गाव, बंदुकीचा इतिहास, 1803 चा तह, सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी घोटभर पाणी घेतलं.

"यंत्र कुठाय?"

"अकोल्याला. पितळ उजळायला दिलंय."

"म्हंजे इथं फक्त टेबल हाये?"

"फक्त टेबल."

त्यांनी टेबलाला हात लावला. हलवून पाहिलं. मग दोन्ही हातांनी. मग टोपी काढून बाजूला ठेवली आणि कंबर लावून पाहिलं. टेबल ढिम्म. चेहऱ्यावरचा संशय गेला आणि तिथं हळहळ आली. "आमच्या इथला टेबल असा डुगडुगते का, जबाब लिहिताना मजकूर एकीकडं आन् सही दुसरीकडं जाते. मिस्तरीचा नंबर देता का?"

रिकामं, मजबूत आणि सपाट असं काही घरात फार काळ रिकामं राहत नाही. पहिल्या दिवशी तिथं मिक्सर आला, फक्त आजच्यापुरता. मग इस्त्री. मग वरुडच्या नातेवाइकांकडून संत्र्यांची पेटी आली, ती ठेवायला दुसरी जागा होती का? खालच्या फळीवर अमेरिकन माणूस वजनासाठी शिशाच्या पिशव्या ठेवतो. आम्ही तुरीच्या डाळीचं पोतं आणि कांदे ठेवले. शिवाय चिखलदऱ्याची कॉफी, बंद पुड्यात. सर पलीकडून विचारून घेत, "बोल्ट तुम्ही काढणार तं नाही ना? घड्याळ चांगलं चालून राह्यलं." ज्या मिस्तरीचे पैसे देऊन हिशोब मिटला होता तोही जाता-येता डोकावे, टेबलावर थाप मारी आणि सोबतच्या गिऱ्हाइकाला म्हणे, "पाहा."

दिवाळीच्या सुट्टीत मेहुणे यंत्र घेऊन आले. कासारानं ते इतकं उजळलं होतं की त्यात आपला चेहरा दिसे आणि लांबट दिसे. मिक्सर हटला, इस्त्री हटली, संत्री तात्पुरती पलंगावर गेली. गावच्या काकू मुद्दाम आल्या होत्या; सरही आले; मिस्तरीला निरोप न देता तो आला. मेहुण्यांनी यंत्र दोन्ही हातांनी उचललं, टेबलाच्या कडेला आणलं आणि शिकंजा फळीत घालायला गेले.

शिकंज्याचं तोंड उघडत होतं जेमतेम दीड इंच. टेबलाची कड तीन इंच.

मेहुण्यांनी पेच पूर्ण सैल केला. पेच हातात आला. पुन्हा बसवला. यंत्र आडवं करून पाहिलं, कोपऱ्यावरून पाहिलं. साहजिक होतं, आबाजी हे यंत्र देवघराशेजारच्या एका पातळ फळीला आवळत, आणि ती फळी, काकूंना आता आठवलं, त्यांनी कधीच चुलीत घातली होती.

"थोडी कड रंधून घेऊ," मेहुणे म्हणाले.

"दीड इंच?" मिस्तरी म्हणाला. "गुरुजी, हा शंभर वर्षाचा साग हाये. तुमची पेन्शन सुरू होईल, रंधून व्हाचं नाई."

"मग काय करायचं?"

मिस्तरीनं टेबलाभोवती एक फेरी मारली. यंत्र हातात घेऊन तोललं. "एक उपाय हाये. मी तुम्हाले एक लहानसा टेबल करून देतो, पातळ फळीचा. थो या टेबलावर ठेवा, आन् यंत्र त्याले आवळा."

सौभाग्यवती मिक्सर उचलून आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. सर म्हणाले, कल्पना वाईट नाही.

मिस्तरीनं कानावरची पेन्सिल काढली. "बोला. साधा करू, का मजबूत?"